‘१८८३’ आणि ‘यलोस्टोन’ : डटन घराण्याच्या मालिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘यलोस्टोन’ ही अमेरिकी मालिका पाहून झाल्यावर ‘१८८३’ आणि ‘१९२३’ या तिच्या पूर्वकथांकडे वळणाऱ्या प्रेक्षकांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एक सूचना आधीच करतो. या पानावर तिन्ही मालिकांचे शेवट उघड केलेले आहेत. ज्यांना त्या अजून पाहायच्या आहेत, त्यांनी फक्त ‘कोणती मालिका आधी पाहावी?’ हा शेवटून दुसरा प्रश्न वाचावा आणि बाकीचे पान नंतरसाठी राखून ठेवावे.

मूळ मालिका कोणती आणि तिच्या पूर्वकथा कोणत्या?

‘यलोस्टोन’ ही मूळ मालिका आहे. टेलर शेरिडन आणि जॉन लिन्सन यांनी निर्माण केलेली ही मालिका २० जून २०१८ रोजी पॅरामाउंट नेटवर्क वाहिनीवर सुरू झाली आणि पाच पर्वे व ५३ भागांनंतर १५ डिसेंबर २०२४ रोजी संपली. मोंटाना राज्यातील एका अवाढव्य रँचचा, म्हणजे गुरे पाळण्याच्या मळ्याचा, मालक जॉन डटन (केव्हिन कॉस्टनर), त्याची मुले आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून असलेले लोक यांच्यातील संघर्ष हा तिचा विषय आहे, आणि तिची कथा आजच्या काळात घडते.

‘१८८३’ ही पहिली पूर्वकथा पॅरामाउंट प्लस या ऑनलाइन सेवेवर १९ डिसेंबर २०२१ ते २७ फेब्रुवारी २०२२ या काळात दहा भागांत आली. ‘१९२३’ ही दुसरी पूर्वकथा. तिचे पहिले पर्व डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, तर दुसरे आणि शेवटचे पर्व ६ एप्रिल २०२५ रोजी संपले. म्हणजे काळाच्या दृष्टीने मधली असलेली ही कथा प्रेक्षकांपर्यंत सर्वांत शेवटी पूर्ण झाली. नात्यांविषयीचा बराचसा गोंधळ त्यामुळेच झाला.

जेम्स डटन हा जॉन डटनचा नेमका कोण?

पणजोबा. मराठी वाचकाला हे नाते समजून घेणे इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जावे, कारण आपल्याकडे प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द आहे.

‘१८८३’मधील जेम्स आणि मार्गारेट यांना तीन मुले. थोरली एल्सा, तिच्यानंतरचा जॉन, जो त्या प्रवासात लहान मुलगा आहे, आणि धाकटा स्पेन्सर, जो मोंटानात स्थायिक झाल्यानंतर जन्मला. स्पेन्सरचा मुलगाही जॉन (दुसरा) आणि या दुसऱ्या जॉनचा मुलगा म्हणजे ‘यलोस्टोन’मधला, कॉस्टनरने साकारलेला तिसरा जॉन. त्यामुळे जेम्स हा तिसऱ्या जॉनचा पणजोबा आणि त्याची मुले केसी, बेथ यांचा खापरपणजोबा ठरतो. एल्सा ही दुसऱ्या जॉनची आत्या, म्हणजे कॉस्टनरच्या जॉनच्या वडिलांची आत्या. ‘१९२३’मधले जेकब (हॅरिसन फोर्ड) आणि कारा (हेलन मिरेन) हे स्पेन्सरचे काका-काकू. त्यांना स्वतःचे मूल नाही. दिराच्या आणि जावेच्या मृत्यूनंतर काराने त्या दोन पुतण्यांना आईच्या मायेने वाढवले.

मग ‘पहिला जॉन’ कुठे गेला? तिसरा जॉन त्याचा नातू नाही का?

नाही, आणि हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. नावापुढे ‘तिसरा’ असे लागते, तेव्हा आजोबा, वडील आणि मुलगा अशी सरळ रेषा असेल असे आपण गृहीत धरतो. येथे ती रेषा एका जागी वळते. जेम्सचा मुलगा जॉन ‘१९२३’च्या पहिल्या पर्वात बॅनर क्रेटन या वैरी मेंढपाळाच्या माणसांनी दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारला जातो आणि त्या दुःखात त्याची पत्नी एमा स्वतःचे जीवन संपवते. त्यांचा मुलगा जॅक दुसऱ्या पर्वात विश्वासघाताने मारला जातो. घराण्याचा रँच पुढे जातो तो धाकट्या स्पेन्सरच्या शाखेकडून.

स्पेन्सरची पत्नी अलेक्झांड्रा हिमवादळात अडकून हिमदंशाने मरणासन्न होते. तिला अकाली मुलगा होतो. हातपाय कापण्याची शस्त्रक्रिया ती नाकारते आणि मुलाला छातीशी धरूनच ती जाते. त्या मुलाचे नाव जॉन ठेवले जाते. बाळाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. येथे मारल्या गेलेल्या काकाचे नाव पुतण्याकडे आले आहे. दोन वर्षांहून अधिक काळ प्रेक्षक जॅक की स्पेन्सर, असा वाद घालत होते. त्याचा निकाल या एका नामकरणाने लागला.

पूर्वकथा येण्याआधी ‘यलोस्टोन’मध्ये जेम्स डटन दिसला होता का?

होय. चौथ्या पर्वाचा पहिला भाग (७ नोव्हेंबर २०२१) १८९३ सालच्या प्रसंगाने उघडतो. जेम्स आपल्या दोन मुलांसह घोड्यावरून जात असताना त्याला मूलनिवासींचा एक लहान गट भेटतो. आपल्या वडिलांना याच खोऱ्यात मूठमाती द्यावी एवढीच त्यांची इच्छा असते आणि जेम्स ती मान्य करतो. प्रथम पाहताना हा प्रसंग केवळ वातावरणनिर्मिती वाटतो. ‘१८८३’ पाहून परत आल्यावर मात्र लक्षात येते की जेम्सला ती जमीन मिळाली तीसुद्धा एका दफनाच्याच कारणाने, आणि म्हणूनच त्या माणसांना तो नकार देऊ शकत नाही.

त्याच पर्वाच्या आठव्या भागात घोडेचोरांच्या पाठलागात जेम्सला गोळी लागते आणि तो घरापर्यंत येऊन कोसळतो. हा भाग १९ डिसेंबर २०२१ रोजी प्रसारित झाला, म्हणजे ‘१८८३’चा आरंभ झाला त्याच दिवशी. नायकाचा मृत्यू आणि त्याच्या कथेचा पहिला भाग एकाच दिवशी दाखवण्याचे धाडस मला आजही विलक्षण वाटते. जेम्स जगणार की नाही, हे कुतूहल लेखकाने स्वतःहून सोडून दिले आणि तो कशासाठी जगला, एवढाच प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवला.

‘१८८३’ची कथा थोडक्यात काय आहे?

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला जेम्स डटन (टिम मॅकग्रॉ) पत्नी मार्गारेट (फेथ हिल), मुलगी एल्सा (इझाबेल मे) आणि मुलगा जॉन यांच्यासह टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून ऑरेगनकडे निघतो. उत्तरेच्या सैन्यात कप्तान राहिलेला शे ब्रेनन (सॅम इलियट) आणि त्याचा सहकारी थॉमस (लामोनिका गॅरेट) हे जर्मन भाषिक स्थलांतरितांचा एक तांडा त्याच वाटेने नेत असतात आणि डटन कुटुंब त्यांच्यासोबत प्रवास करते. शेच्या पत्नीचा व मुलीचा देवीच्या साथीत मृत्यू झालेला आहे. मॅकग्रॉ आणि हिल हे प्रत्यक्षातही पती-पत्नी आहेत आणि त्यांच्या संसारातील सहज जवळीक पडद्यावर जाणवते.

नद्यांचे पूर, साप, चक्रीवादळ, दरोडेखोर आणि रोग यांत तांड्यातील बहुतेक माणसे दगावतात. ऑरेगनला पोहोचणे डटन कुटुंबाच्या नशिबी नसते. थॉमस आणि तांड्यातील विधवा नोएमी तेवढे तिथवर जातात. शे समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचतो, पत्नीला दिलेला शब्द पाळतो आणि तिथेच स्वतःचे आयुष्य संपवतो.

रँच मोंटानातच का वसला?

हे या संपूर्ण गाथेचे केंद्र आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

घोडेचोरांनी लाकोटा या मूलनिवासी लोकांच्या एका छावणीतील बायका-मुलांची हत्या केलेली असते. परतलेले लाकोटा योद्धे तांड्यातील माणसांनाच गुन्हेगार समजून हल्ला करतात आणि एल्साला बाण लागतो. बाणाच्या टोकावरील घाणीमुळे जखम आतून सडत जाते. मुलगी वाचणार नाही हे कळल्यावर मार्गारेट आणि जेम्स ठरवतात की जिथे तिला मूठमाती द्यायची तिथेच आपण राहायचे, म्हणजे तिच्या थडग्यापासून दूर जावे लागणार नाही.

वाटेत क्रो जमातीचा एक वयोवृद्ध माणूस, स्पॉटेड ईगल (ग्रॅहम ग्रीन), जेम्सला पॅराडाइज व्हॅली या खोऱ्याचा रस्ता सांगतो. सांगताना तो हेही सांगतो की सात पिढ्यांनी माझे लोक उठतील आणि ही भूमी तुमच्याकडून परत घेतील. जेम्स क्षणभरही विचार न करता उत्तर देतो की सात पिढ्यांनी ती खुशाल घ्या. एल्सा बापाच्या मांडीवर, एका झाडाखाली, त्या खोऱ्यात प्राण सोडते.

या एका संवादाने मूळ मालिकेचा अर्थ बदलतो. ‘यलोस्टोन’च्या पहिल्या तीन पर्वांत जमीन म्हणजे मालकी आणि मालकी म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा, असेच आपण समजून चाललेलो असतो. ‘१८८३’ सांगते की डटनांना ती जमीन मुदतीच्या ठेवीसारखी मिळाली होती. ती राखायची होती आणि मुदत संपली की परत करायची होती. पूर्वकथेचे मूळ कथेशी असलेले खरे नाते वंशवृक्षात शोधू नये. ते या विसरल्या गेलेल्या शब्दात आहे.

हा शब्द पुढच्या पिढ्यांना ठाऊक होता का?

मालिकेत तसा कुठेही पुरावा नाही. तो करार लिहिला गेला नाही आणि जेम्स १८९३ साली वारला तेव्हा त्याची मुले लहान होती. मार्गारेटने मदतीसाठी दिराला, म्हणजे जेकबला, पत्र लिहिले; तो पोहोचेपर्यंत ती हिमात गोठून मरण पावली होती आणि दोन्ही मुले उपासमारीने अर्धमेली झाली होती. एखाद्या घरातील तोंडी ठेवा हरवतो तो असाच. सांगणारी माणसे जातात आणि ऐकणारी फार लहान असतात.

परिणाम काय झाला ते ‘यलोस्टोन’च्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात दिसते. मृत्यूच्या जवळ आलेला दुसरा जॉन (डॅबनी कोलमन) आपल्या मुलाला बजावतो की यातील एक इंचही कुणाला घेऊ देऊ नकोस. हा भाग २०१९ सालचा, म्हणजे ‘१८८३’च्या दोन वर्षे आधीचा. तेव्हा तो बापाचा उदात्त अखेरचा शब्द वाटला होता. जेम्सचे वचन कळल्यानंतर तोच प्रसंग पुन्हा पाहावा. आजोबाने ‘घेऊन जा’ म्हटले होते आणि नातवाने ‘एक इंचही देऊ नका’ असे सांगितले. तिसऱ्या जॉनने आयुष्यभर जी हिंसा केली आणि करवली, ती या दुसऱ्या, चुकीच्या वारशाला जागून केली. मला ही या गाथेतील सर्वांत मोठी शोकांतिका वाटते.

सात पिढ्यांचा हिशेब जुळतो का?

काटेकोरपणे मोजल्यास जुळत नाही. जेम्स पहिली पिढी धरली तर स्पेन्सर दुसरी, दुसरा जॉन तिसरी, तिसरा जॉन चौथी, केसी पाचवी आणि केसीचा मुलगा टेट सहावी पिढी होते. सातवी पिढी म्हणजे टेटची मुले, आणि ती अजून जन्मलेली नाहीत. तरीही ‘यलोस्टोन’च्या अखेरच्या भागात एल्साचा आवाज सात पिढ्या झाल्याचे सांगतो आणि १४१ वर्षांचा उल्लेख करतो. १८८३ मध्ये १४१ मिळवले की २०२४ येते. वर्षांचा हिशेब चोख आहे, पिढ्यांचा मात्र एकाने कमी भरतो.

काही जण असे सुचवतात की जमीन टेटच्या मुलांसाठी, म्हणजे येणाऱ्या सातव्या पिढीसाठी परत केली गेली. हा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही, कारण टेटची आई मोनिका ही मूलनिवासी समाजातील आहे आणि टेटमध्ये दोन्ही रक्ते एकत्र आली आहेत. माझे मत विचाराल तर ‘सात पिढ्या’ हा आकडा मोजण्यासाठी नाहीच. ‘सात पिढ्या बसून खातील’ असे आपण म्हणतो तेव्हा कुणी वंशावळ काढून बसत नाही. उत्तर अमेरिकेतील हौडेनोसॉनी या मूलनिवासी राष्ट्रांच्या परंपरेतही आजच्या निर्णयाचा सातव्या पिढीवर होणारा परिणाम पाहावा, अशी शिकवण आहे. मालिकेने तो विचार क्रो वृद्धाच्या तोंडी घातला आहे.

अखेरीस रँच कोणाकडे जातो?

ब्रोकन रॉक या मूलनिवासींच्या काल्पनिक राखीव प्रदेशातील लोकांकडे. पाचव्या पर्वाच्या नवव्या भागात (१० नोव्हेंबर २०२४) तिसऱ्या जॉनचा मृत्यू होतो. ती आत्महत्या भासवलेली असली तरी प्रत्यक्षात हत्या असते. वारसा कर इतका प्रचंड येतो की रँच राखणे अशक्य होते. तेव्हा केसी ब्रोकन रॉकचा प्रमुख थॉमस रेनवॉटर याला (गिल बर्मिंगहॅम) सगळी जमीन एकरी सव्वा डॉलर दराने विकतो. जमीन तोडायची नाही आणि विकायची नाही, या अटीवर. ईस्ट कॅम्प हा एक लहान तुकडा तेवढा तो स्वतःच्या कुटुंबासाठी ठेवतो. बेथ आणि तिचा नवरा रिप डिलन गावाजवळ दुसरा रँच घेतात.

सव्वा डॉलर हा आकडा मनाला येईल तसा काढलेला नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार वसाहतदाराला १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसल्यावर नाममात्र शुल्कात मिळत असे. पाच वर्षे थांबायचे नसेल, तर सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर ती सर्वसाधारणपणे एकरी सव्वा डॉलर मोजून विकत घेता येई. म्हणजे जेम्सच्या काळात गोऱ्या वसाहतदाराने सरकारला जो भाव दिला असता, त्याच भावात ती जमीन तिच्या मूळ माणसांकडे परत जाते. हा तपशील ठाऊक असला की तो व्यवहार पाहताना गळा दाटून येतो.

त्यानंतरचा एक लहान प्रसंग अनेकांच्या नजरेतून सुटतो. ब्रोकन रॉकचे तरुण रँचच्या इमारती मोडत असताना डटनांच्या दफनभूमीतील दगडही पाडू लागतात आणि रेनवॉटरचा सहकारी मो (मो ब्रिंग्ज प्लेंटी) त्यांना थांबवतो. १८९३ मध्ये जेम्सने दुसऱ्यांच्या वडिलांना त्या मातीत जागा दिली होती. त्याची परतफेड येथे होते आणि कुणीही तसे बोलून दाखवत नाही.

एल्सा मरण पावली असताना ती पुढच्या मालिकांत कथा कशी सांगते?

‘१८८३’ची निवेदक एल्साच आहे आणि पहिल्या भागाच्या आरंभीच तिच्यावरील हल्ल्याचा प्रसंग दाखवून तिचे भवितव्य सूचित केले आहे. ‘१९२३’ मध्येही निवेदन इझाबेल मेच्याच आवाजात आहे आणि ‘यलोस्टोन’च्या अखेरच्या भागात तो आवाज परत येतो. कायद्याच्या कागदांवर त्या जमिनीचा मालक कोणीही असो, तिथे सर्वांत आधी वस्तीला राहिलेली डटन तीच आहे. रँचची पहिली खूण म्हणजे तिचे थडगे. त्यामुळे खोऱ्याचा इतिहास तिने सांगावा, हे मला अगदी योग्य वाटते. ‘यलोस्टोन’च्या आधीच्या पर्वांत मात्र असे सूत्र नव्हते, ते पूर्वकथेकडून मूळ मालिकेत शिरले.

‘१९२३’ ही मधली कडी नेमके काय जोडते?

तीन गोष्टी जोडते.

पहिली गोष्ट पदाची आहे. जेकब डटन हा मोंटानाचा पशुधन आयुक्त आहे आणि शंभर वर्षांनी तिसरा जॉनही त्याच पदावर आहे. गुरांचा धनी, आणि गुरांच्या चोरीचा निवाडा करणाराही तोच, ही सत्तेची रचना कशी घडत गेली ते येथे दिसते.

दुसरी गोष्ट कराची आहे, आणि ती फार विचारपूर्वक विणलेली आहे. खाणींवर श्रीमंत झालेला डोनाल्ड व्हिटफील्ड (टिमोथी डाल्टन) डटनांचा थकलेला मालमत्ता कर भरून टाकतो. मुदतीत ती रक्कम परत न केल्यास रँच त्याचा होणार असतो. बर्फावरील खेळांसाठी श्रीमंत पर्यटक या डोंगरांत येऊ शकतील, ही कल्पनाही त्याला सुचते. ‘यलोस्टोन’मध्ये मार्केट इक्विटीज ही कंपनी विमानतळ आणि पर्यटननगरी उभारण्यासाठी त्याच जमिनीमागे लागते आणि शेवटी घाव बसतो तो वारसा कराचाच. बंदुकीने जे कुणाला जमले नाही ते कराच्या नोटिशीने साधते. या प्रसंगांमागे खरा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर दुष्काळ आणि धान्याचे पडलेले भाव यांमुळे मोंटानात हजारो शेतकरी कुटुंबे घरे सोडून गेली आणि राज्यातील जवळपास निम्म्या बँका बुडाल्या. १९२० च्या दशकात लोकसंख्या घटलेले ते अमेरिकेतील एकमेव राज्य होते.

तिसरी गोष्ट रेनवॉटर या आडनावाची. टिओना रेनवॉटर (अमिना निव्हज) ही मूलनिवासी मुलगी नॉर्थ डकोटातील एका कॅथलिक निवासी शाळेत अमानुष छळ सोसते आणि अखेर तेथून पळते. तिचे थॉमस रेनवॉटरशी नेमके नाते पडद्यावर उलगडून सांगितलेले नाही, परंतु आडनाव पुरेसे बोलके आहे. हे कथानक अतिरंजित आहे, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याचा मे २०२२ चा अहवाल लक्षात घ्यावा. १८१९ ते १९६९ या काळात केंद्र सरकारच्या पाठिंब्याने चाललेल्या अशा ४०८ शाळांची नोंद त्यात आहे. जुलै २०२४ च्या दुसऱ्या अहवालाने किमान ९७३ मुलांच्या मृत्यूंची खातरजमा केली आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला अध्यक्ष जो बायडन यांनी त्याबद्दल राष्ट्रातर्फे जाहीर माफी मागितली. डटनांच्या वंशवृक्षाइतकीच टिओनाची कथा शेवटच्या हस्तांतरणाला आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे जमीन परत घेणाऱ्यांनाही इतिहास मिळतो.

‘१८८३’ इतिहासाला कितपत धरून आहे?

भावनेच्या पातळीवर पुष्कळ, तपशिलाच्या पातळीवर कमी. टेक्सासहून ऑरेगनला वॅगनच्या तांड्याने जाण्याचा काळ १८८३ पर्यंत जवळजवळ सरला होता. त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी मोंटानातील गोल्ड क्रीक येथे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेमार्गाचा अखेरचा खिळा ठोकला गेला आणि पॅराडाइज व्हॅलीच्या तोंडाशी असलेल्या लिव्हिंगस्टन गावात तर रेल्वे त्याआधीच पोहोचली होती. कोमांची लोकांनी १८७५ मध्येच शरणागती पत्करली होती, त्यामुळे एल्साला भेटणाऱ्या सॅम या कोमांची योद्ध्याचे मोकळे जीवन हे इतिहासापेक्षा कवीच्या कल्पनेतील अधिक आहे. बिली बॉब थॉर्नटनने साकारलेला मार्शल जिम कोर्टराइट खरा माणूस होता, पण फोर्ट वर्थचा मार्शल म्हणून त्याचा काळ १८७६ ते १८७९ हा होता.

एका बाबतीत मात्र मालिकेचा नेम अचूक बसला आहे. पॅराडाइज व्हॅली ही खरोखरच क्रो लोकांची भूमी होती. १८५१ च्या फोर्ट लॅरमी कराराने त्यांच्यासाठी सुमारे ३ कोटी ८० लाख एकरांचा प्रदेश मान्य केला. १८६८ च्या कराराने तो सुमारे ८० लाख एकरांवर आला. त्यांचे सरकारी ठाणे आधी लिव्हिंगस्टनजवळ होते. ते १८७५ मध्ये पूर्वेकडे हलवले गेले आणि १८८४ मध्ये आणखी पूर्वेला, लिटल बिगहॉर्नच्या खोऱ्यात. म्हणजे जेम्स वाट विचारतो त्या सुमारास स्पॉटेड ईगलचे लोक तेथून ढकलले जात होते. त्याच्या वाक्यातील थकवा आणि निश्चय दोन्ही खरे वाटतात, ते या कारणाने.

‘१८८३’ आणि ‘यलोस्टोन’मध्ये तेच कलाकार आहेत का?

दोन ठळक उदाहरणे आहेत. ‘१८८३’मध्ये जेम्सची बहीण क्लेअर झालेली डॉन ऑलिव्हिएरी ‘यलोस्टोन’च्या पाचव्या पर्वात सारा ॲटवुड आहे, तिसऱ्या जॉनच्या हत्येमागे तिचाच हात असतो. दोन्ही पात्रांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. स्वतः शेरिडन ‘यलोस्टोन’मध्ये ट्रॅव्हिस व्हीटली हा घोड्यांचा व्यापारी, तर ‘१८८३’मध्ये चार्ल्स गुडनाइट हा टेक्सासमधील प्रत्यक्षात होऊन गेलेला रँचमालक आहे. याशिवाय ‘१८८३’तील एका युद्धप्रसंगात टॉम हँक्स जनरल मीड म्हणून क्षणभर दिसतो.

रँचची जागा खरी आहे का?

पॅराडाइज व्हॅली खरी आहे, डटनांचा रँच काल्पनिक. पडद्यावर दिसणारे लाकडी घर मोंटानातच, पण डार्बी गावाजवळच्या चीफ जोसेफ रँचवर, म्हणजे कथेतील खोऱ्याच्या बरेच पश्चिमेला आहे.

कोणती मालिका आधी पाहावी?

काळाच्या क्रमाने, म्हणजे ‘१८८३’, ‘१९२३’ आणि मग ‘यलोस्टोन’ असे पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो देणार नाही. तसे केल्यास पहिल्याच मालिकेत गाथेचे गुपित कळते आणि पुढची सगळी पर्वे त्या ज्ञानाच्या ओझ्याखाली पाहावी लागतात. ‘यलोस्टोन’ची चार पर्वे आधी पाहावीत, नंतर ‘१८८३’, मग ‘१९२३’ संपूर्ण आणि शेवटी ‘यलोस्टोन’चे पाचवे पर्व. या क्रमाने पाहिल्यास आधी जमिनीची हाव कळते, मग तिच्यामागचे कारण, आणि शेवटचा भाग येतो तेव्हा वंशवृक्षही पूर्ण माहीत झालेला असतो. ज्यांच्याकडे फक्त दहा तास आहेत, त्यांनी एकटी ‘१८८३’ पाहावी. ती स्वतंत्र कथा म्हणूनही उभी राहते.

‘१८८३’चे दुसरे पर्व का आले नाही? आणखी पूर्वकथा येणार आहेत का?

एल्साच्या मृत्यूबरोबर आणि जमीन ठरण्याबरोबर कथा संपली, आणि ती तिथेच संपायला हवी होती. व्यावसायिक बाजूही सांगायला हवी: ‘यलोस्टोन’चे ऑनलाइन प्रसारणाचे अमेरिकेतील हक्क आधीच पीकॉक या प्रतिस्पर्धी सेवेला विकले गेले होते, त्यामुळे पॅरामाउंट प्लसला डटनांची स्वतःची मालिका हवी होती. ‘१९२३’ त्याच वाटेने आली. त्यानंतर ‘१९४४’ नावाच्या आणखी एका पूर्वकथेची घोषणा झालेली आहे. ‘१९२३’च्या अखेरीस कळते की स्पेन्सरने पुन्हा लग्न केले नाही आणि तो १९६९ पर्यंत जगला. त्यामुळे १९४४ सालचा स्पेन्सर आणि विशीतला दुसरा जॉन ही जोडी कथाकाराला उपलब्ध आहे. त्या दोघांमध्ये कुठेतरी जेम्सचा शब्द कायमचा हरवला आणि ‘एक इंचही नाही’ हा हट्ट त्याच्या जागी आला. तो क्षण अजून कुणी लिहिलेला नाही, आणि मला तोच पाहायचा आहे.